बाईचा रोज आणि टेनिसचा एक हंगाम

आमच्या महाविद्यालयाला टेनिसचे मैदान नाही. खो-खोचे आहे, कबड्डीचे आहे, आणि पावसाळा संपला की व्हॉलीबॉलचे दोन खांब उभे राहतात. जिमखान्याच्या खोलीत टेबल टेनिसचे एक टेबल आहे; त्याचा एक पाय विटेवर टेकवलेला आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्या, आणि खरे टेनिस प्रत्यक्ष कधीही न पाहिलेल्या मुलीने अमेरिकेतल्या टेनिसवर लेख लिहावा, हे वाचकांना विचित्र वाटेल. मलाही सुरुवातीला तसेच वाटले. पण गेले वर्षभर हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

त्याचे असे झाले. इंग्रजीच्या तासाला सरांनी बिली जीन किंग या अमेरिकन खेळाडूची गोष्ट सांगितली. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टन शहरातल्या ॲस्ट्रोडोममध्ये तिने बॉबी रिग्ज या जुन्या विजेत्याला ६-४, ६-३, ६-३ असे हरवले. बायकांचे टेनिस हे पुरुषांच्या टेनिसपुढे काहीच नाही, असे हा रिग्ज जाहीरपणे म्हणत असे. सामना पाहायला तीस हजारांवर लोक आले होते. गोष्ट संपल्यावर मुलींनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, पण तो पंचावन्न वर्षांचा होता ना?" वर्ग हसला आणि तास संपला.

त्या मुलाचे बोलणे मला लागले, पण ते अगदीच खोटे नव्हते. एका संध्याकाळचा एक सामना, त्यातून काय सिद्ध होणार? म्हणून मी पुढे काय झाले ते शोधत गेले, आणि माझ्या मते खरी गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 'वर्ल्ड टीम टेनिस' नावाची व्यावसायिक सांघिक स्पर्धा सुरू झाली. त्या पहिल्या हंगामाविषयी मला लिहायचे आहे. पण त्यासाठी आधी टेनिसचे गणित सांगितले पाहिजे. ज्यांना ते येते त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

टेनिसमध्ये गुण मोजण्याची तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे. पहिल्या पॉइंटला पंधरा म्हणतात, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला मात्र पंचेचाळीस न म्हणता चाळीस. शून्याला 'लव्ह' म्हणतात. चौथा पॉइंट मिळाला की एक गेम झाला. पण दोघांचे चाळीस-चाळीस झाले तर त्याला 'ड्यूस' म्हणायचे, आणि तिथून सलग दोन पॉइंट मिळवल्याशिवाय गेम मिळत नाही. तो कितीही वेळ चालू शकतो. असे सहा गेम, तेही दोनच्या फरकाने, जिंकले की एक सेट. तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन सेट जिंकणारा सामना जिंकतो. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हरलेल्या सेटमधले गेम कोणी मोजत नाही. तुम्ही ०-६ असे हरा की ४-६ असे हरा, सेट गेला तो गेलाच. धडपडून मिळवलेले ते चार गेम कागदावर राहतात, हिशोबात येत नाहीत.

वर्ल्ड टीम टेनिसने नेमके हेच बदलले. बिली जीनचा त्या वेळचा पती लॅरी किंग, डेनिस मर्फी आणि त्यांचे काही सहकारी यांनी १९७३ मध्ये ही संघटना उभी केली. यांतल्या मर्फीला नव्या व्यावसायिक स्पर्धा काढण्याचा नादच होता. बास्केटबॉल आणि आइस हॉकी या खेळांत त्याने आधी तसे प्रयोग केले होते. सोळा शहरांना सोळा संघ देण्यात आले. प्रत्येक संघात पुरुषही आणि स्त्रियाही. एका सामन्यात पाच सेट: स्त्रियांची एकेरी, पुरुषांची एकेरी, स्त्रियांची दुहेरी, पुरुषांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी. आणि सेट किती जिंकले हे पाहायचे नाही, पाचही सेटमधल्या गेमांची बेरीज करायची. एका गेमला एक गुण. ज्याची बेरीज मोठी तो संघ विजयी.

कबड्डी खेळणाऱ्यांना हे लगेच समजेल. कबड्डीत पूर्वार्धातला गडी मारल्याचा गुण शेवटपर्यंत आपल्या खात्यात राहतो, तसेच हे. पण टेनिसमध्ये याचे परिणाम गमतीचे होतात. समजा, एका संघाने तीन सेट ६-४ असे जिंकले. त्याचे अठरा गुण झाले, दुसऱ्याचे बारा. पण उरलेले दोन सेट तो १-६ आणि २-६ असे हरला. आता पहिल्याचे एकवीस आणि दुसऱ्याचे चोवीस. म्हणजे पाचपैकी तीन सेट जिंकूनही पहिला संघ हरला! इथे हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत लढावे लागते, कारण ०-५ असे मागे पडल्यावर मिळवलेला एक गेमही संघाच्या बेरजेत पडतो.

ड्यूसचा घोळही काढून टाकला होता. तीन-तीन पॉइंट झाले की पुढचा एकच पॉइंट, तो मिळवील त्याचा गेम. खेळाडू मध्येच बदलता येई. मैदान एकरंगी न ठेवता त्याचे पट्टे निरनिराळ्या रंगांचे केले होते. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे प्रेक्षकांना ओरडायची मुभा होती. टेनिस हा शांततेत पाहायचा खेळ. पंच सारखे 'कृपया शांत राहा' म्हणतात. इथे मात्र आपल्या गावच्या संघासाठी आरडाओरडा करा, समोरच्याची हुर्यो उडवा, असेच सांगितलेले. जत्रेतल्या कुस्त्या पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला यात नवल वाटले नाही. टेनिस आजवर गप्प बसून कसे पाहत असतील याचेच वाटले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या नियमांत एक गोष्ट इतकी साधेपणाने बसवलेली आहे की, पहिल्या वाचनात ती माझ्या ध्यानातच आली नाही. बाईने जिंकलेला गेम आणि पुरुषाने जिंकलेला गेम यांची किंमत एकच आहे. पाच सेटांपैकी दोन केवळ स्त्रियांचे, दोन केवळ पुरुषांचे आणि एक दोघांचा. बेरीज करताना कोणता गुण कोणाचा हे वेगळे काढता येत नाही.

हे किती मोठे होते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६८ साली विम्बल्डनमध्ये प्रथमच व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळाला आणि रोख बक्षिसे देण्यात आली. पुरुषांचा विजेता रॉड लेव्हर याला २,००० पौंड मिळाले. स्त्रियांची विजेती होती बिली जीन किंग. तिला मिळाले ७५० पौंड. मैदान तेच आणि गवतही तेच, पण मोल निम्म्याहूनही कमी. १९७० मध्ये तिच्यासह नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सही करून स्त्रियांच्या स्वतंत्र स्पर्धांचा पाया घातला. १९७३ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुष विजेत्यांना सारखी रक्कम दिली. मोठ्या चार स्पर्धांमध्ये असे करणारी ती पहिली. पण एक वाद मिटत नव्हता. पुरुष पाच सेट खेळतात, बायका तीन, मग पैसा सारखा कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. सांघिक स्पर्धेत या वादाला जागाच उरली नाही. सेट सर्वांना सारखे, गुण सर्वांना सारखे.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे आईला सांगत होते. सोयाबीनची काढणी चालू होती आणि ती नुकतीच रानातून आली होती. तिला टेनिस माहीत नाही; अंगठ्याच्या जागी सही करायला ती मी नववीत असताना शिकली. मी तिला चुलीजवळ बसून पाच सेटांचा हिशोब कोळशाने फरशीवर काढून दाखवला. तिने नीट पाहिले आणि म्हणाली, "म्हंजे बाईचा रोज गड्याएवढाच धरला म्हण की."

एवढे वाचून, टिपणे काढून मला जे चार पाने लागले असते, ते तिने एका वाक्यात सांगितले. आमच्या भागात काढणीला गड्याचा रोज बाईच्या रोजाच्या जवळजवळ दीडपट असतो. सकाळी रानात जायची वेळ एक, सुटायची वेळ एक, पात दोघांचीही तेवढीच लांब. का, असे विचारले तर 'रीतच आहे' म्हणतात. मग थोडा वेळ थांबून आईने दुसरा प्रश्न विचारला, "आन् मालक तयार झालं त्याला?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आता थोडे देता येईल असे वाटते. मालक तयार झाले, कारण स्पर्धेचा नियमच तसा होता. संघ विकत घ्यायचा तर हा हिशोब मान्य करूनच घ्यावा लागे. आणि एकदा मान्य केल्यावर त्यांचाच स्वार्थ त्यांना पुढे नेई. स्त्रियांच्या एकेरीत आपला संघ १-६ असा हरला तर ती पाच गुणांची खोट भरून कोण काढणार? म्हणून चांगली स्त्री खेळाडू शोधणे ही मालकाची गरज झाली. भाषण करून जे पटले नसते ते बेरजेने पटवले.

ज्या बिली जीनच्या नावाभोवती हे सारे फिरते, तिच्याविषयी चार ओळी लिहायला हव्यात. तिचे वडील कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच गावी अग्निशामक दलात नोकरीला होते. टेनिस हा तिकडेही श्रीमंतांच्या क्लबांचा खेळ. ही मुलगी सार्वजनिक बागेतल्या फुकट मैदानावर शिकली आणि शेजाऱ्यांची किरकोळ कामे करून सुमारे आठ डॉलर जमवून तिने पहिली रॅकेट घेतली. अकरा-बारा वर्षांची असताना एका स्पर्धेत तिला सामूहिक छायाचित्रातून बाहेर काढण्यात आले, कारण तिने टेनिसचा झगा घातलेला नव्हता. आईने शिवून दिलेली अर्धी चड्डी घातली होती. हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. शाळेच्या गॅदरिंगला पांढरे बूट नाहीत म्हणून कवायतीच्या मागच्या रांगेत उभे राहिलेल्यांना त्याचे कारण सांगायला नको.

असो. हंगामाकडे वळू या. ६ मे १९७४ रोजी फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रम या बंदिस्त क्रीडागृहात पहिला सामना झाला. यजमान संघाचे नाव होते फिलाडेल्फिया फ्रीडम्स. त्याची खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही बिली जीन किंग. समोर पिट्सबर्ग ट्रँगल्स. त्यांचा खेळाडू-प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल, वय एकोणचाळीस, तरीही जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत गणला जाणारा. १०,६११ प्रेक्षक होते. फिलाडेल्फियाने सामना ३१-२५ असा जिंकला.

या ठिकाणी थांबून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बिली जीन तीस वर्षांची होती आणि तिच्या हाताखाली फ्रेड स्टोलसारखे पुरुष खेळाडू होते. स्टोल तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि स्वतः मोठ्या स्पर्धा जिंकलेला. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाला मध्येच बदलायचे हे ती ठरवत असे. पुरुष खेळाडू असलेल्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद सांभाळणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक. रिग्जला हरवण्यापेक्षा मला हे अवघड वाटते. रिग्ज समोरच्या बाजूला होता. इथे आपल्याच बाजूच्या पुरुषाला 'आज तू बस' असे सांगायचे होते, आणि त्याने ते ऐकायचे होते.

ते ऐकत असावेत, कारण फिलाडेल्फियाने त्या हंगामात कहर केला. प्रत्येक संघाला चव्वेचाळीस सामने होते. त्यांनी एकोणचाळीस जिंकले आणि फक्त पाच हरले. बिली जीन त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. ज्युली अँथनी, फ्रेड स्टोल, न्यूझीलंडचा ब्रायन फेअरली, इंग्लंडचा बस्टर मॉट्रम असा तो संघ होता. गंमत अशी की, त्याच स्पेक्ट्रममध्ये खेळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाने १९७२-७३ च्या हंगामात ब्याऐंशी सामन्यांपैकी त्र्याहत्तर गमावले होते. आणि मे १९७४ मध्येच तिथल्या आइस हॉकी संघाने स्टॅनले कप जिंकला. एकाच छपराखाली किती नशिबे!

इतर संघांची नावे वाचतानाही मजा येते. न्यूयॉर्क सेट्स, क्लीव्हलँड नेट्स, लॉस एंजेलिस स्ट्रिंग्ज ही टेनिसमधल्या शब्दांवरून. डेट्रॉइट लव्ह्ज हे शून्याला लव्ह म्हणतात त्यावरून (स्वतःच्या संघाला शून्य म्हणवून घेणारे धन्य होत). आणि बॉस्टन लॉबस्टर्स, म्हणजे आपल्या कोकणी भाषेत शेवंड. एक संघ तर प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांचा होता. हवाईपासून फिलाडेल्फिया सुमारे आठ हजार किलोमीटर. वेळापत्रकाची बेरीज केली तर सोळा संघांचे मिळून ३५२ सामने होतात, तेही मे ते ऑगस्ट एवढ्या काळात. विमानाच्या तिकिटांचा खर्चच डोळे पांढरे करणारा असणार.

आणि सगळेच या प्रयोगावर खूश नव्हते. उन्हाळा हा युरोपातल्या मोठ्या स्पर्धांचा काळ. आपले खेळाडू अमेरिकेत पळवले जातात असे तिकडच्या संघटनांना वाटले. फ्रेंच टेनिस संघटनेने तर वर्ल्ड टीम टेनिसशी करार केलेल्यांना १९७४ च्या फ्रेंच स्पर्धेत खेळूच दिले नाही. बाल्टिमोर बॅनर्सशी करार केलेला जिमी कॉनर्स आणि पिट्सबर्गची इव्हॉन गूलागाँग या दोघांनी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली होती. दोघांनाही दार बंद. कॉनर्सने त्यानंतर विम्बल्डन जिंकले, अमेरिकन स्पर्धाही जिंकली, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत हरवले कोणाला, तर रोझवॉललाच. म्हणजे एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याची संधी त्याला मिळालीच नाही. प्रकरण कोर्टातही गेले. ख्रिस एव्हर्ट ही तरुण खेळाडू मात्र पहिल्या वर्षी या सांघिक स्पर्धेपासून दूर राहिली, आणि फ्रेंच व विम्बल्डन या दोन्ही स्पर्धा तिने जिंकल्या. १९७६ मध्ये तीही संघात आली. या वादात मला दोन्ही बाजू कळतात. एका बाजूला शंभर वर्षांची परंपरा, दुसऱ्या बाजूला खेळावर पोट असलेले लोक. पण ज्याने कुठे कमवावे हे ठरवण्याचा हक्क मागितला त्याला दारातच अडवायचे, हे मला पटत नाही.

ऑगस्टअखेर अंतिम फेरी आली. एकोणचाळीस विजयांचे फिलाडेल्फिया आणि समोर डेन्व्हर रॅकेट्स. डेन्व्हरमध्ये बिली जीनएवढे मोठे नाव नव्हते. ऑस्ट्रेलियाचा टोनी रोश हा खेळाडू-प्रशिक्षक, फ्रान्सची फ्रान्स्वाज द्यूर, अँड्र्यू पॅटिसन, आणि पॅम व जेफ ऑस्टिन ही बहीण-भावंडे. डेन्व्हरने पहिला सामना २७-२१ असा जिंकला आणि दुसरा २८-२४ असा. दोन्ही मिळून ५५-४५. संपूर्ण हंगामात पाच वेळा हरलेला संघ शेवटी लागोपाठ दोनदा हरला आणि करंडक डेन्व्हरला गेला. पॅटिसन अंतिम टप्प्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, रोश उत्तम प्रशिक्षक. हे आकडे पाहताना मला त्या बेरजेची खरी ताकद कळली. एका राणीच्या जोरावर पाच सेट जिंकता येत नाहीत. ती फार तर तिच्या दोन-तीन सेटांत असते. बाकीच्या सेटांत दुसऱ्यांनी एकेक गेम गोळा करावा लागतो. दोन आठवड्यांनी बिली जीनने अमेरिकन खुल्या स्पर्धेची एकेरी जिंकली, अंतिम सामन्यात गूलागाँगला हरवून. एकटीने खेळायचे तेव्हा ती विजेती, संघात उपविजेती.

आता आईच्या दुसऱ्या प्रश्नाचा उरलेला भाग. मालक तयार झाले, पण टिकले नाहीत. पैसा बुडत होता. पहिला हंगाम संपताच निम्म्याच्या आसपास संघ बंद पडले किंवा दुसऱ्या गावी गेले. १९७५ मध्ये सोळाचे दहा राहिले. विजेता डेन्व्हर संघ फिनिक्स शहरात हलवला गेला. आणि चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस जिंकणारा फिलाडेल्फियाचा संघ तर पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात नव्हताच. तो बॉस्टनच्या संघात विलीन झाला आणि बिली जीन न्यूयॉर्ककडून खेळू लागली. त्या संघाची आठवण राहिली ती एका गाण्यात. इंग्रज गायक एल्टन जॉन हा बिली जीनचा मित्र. तिने त्याला संघाचा ट्रॅकसूट भेट दिला होता. त्याने तिच्यासाठी 'फिलाडेल्फिया फ्रीडम' हे गाणे केले आणि ते १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तोवर संघ उठून गेला होता.

स्पर्धा १९७८ पर्यंत कशीबशी चालली आणि थांबली. त्या शेवटच्या वर्षीचा विजेता होता लॉस एंजेलिस स्ट्रिंग्ज, आणि त्या संघात आपले अमृतराज बंधू होते. पुढे १९८१ मध्ये ती लहान स्वरूपात पुन्हा सुरू झाली आणि बरीच वर्षे चालली. शेवटचा हंगाम २०२१ मध्ये झाला. मधल्या काळातली एक गोष्ट आपल्या जवळची आहे. मूळचे गोव्याचे असलेल्या घराण्यातला लिएंडर पेस वॉशिंग्टन कॅसल्स या संघाकडून खेळत असे. या संघाने २०११ मध्ये सोळाच्या सोळा सामने जिंकले आणि २०१२ मध्ये पुन्हा सोळाच्या सोळा. २०१२ चा अंतिम सामना त्यांनी २०-१९ असा, म्हणजे एका गेमने जिंकला. २०१३ मध्ये ही मालिका सलग चौतीस विजयांवर जाऊन थांबली. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध लेकर्स बास्केटबॉल संघाची १९७१-७२ मधली मालिका तेहतीस विजयांची होती. तो एक गेम कोणाच्या रॅकेटमधून आला असेल, पेसच्या की त्याच्याबरोबर खेळणाऱ्या बाईच्या? बेरीज ते सांगत नाही.

हे सर्व वाचल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून डिसेंबरात एका शनिवारी आम्ही जिमखान्यात हा प्रयोग केला. टेनिस नाही तर टेबल टेनिस! द्वितीय वर्ष विरुद्ध तृतीय वर्ष, अकरा गुणांचे पाच डाव, सगळ्यांची बेरीज. मुलांची एकेरी आम्ही ५-११ अशी हरलो. मुलींची दुहेरी ११-९ आणि मिश्र दुहेरी ११-८ अशी जिंकली, मुलांची दुहेरी ६-११ अशी घालवली. फळ्यावर खडूने बेरीज लिहिली: ३३-३९. शेवटी मुलींची एकेरी ठेवली होती. एरवी मुलांचे सामने संपले की खोली रिकामी होते. त्या दिवशी खिडकीच्या गजांनाही मुले लटकली होती, कारण आमच्या वर्गाला जिंकायचे तर मला हा डाव समोरचीला चारच्या वर जाऊ न देता घ्यावा लागणार होता.

मी ९-४ अशी पुढे होते. दोन गुण हवे होते, तेही सलग. मग समोरच्या ताईने एक कोपऱ्यात मारला, एक माझ्या जाळीत गेला, आणखी एक टेबलाच्या काठाला लागून खाली पडला. डाव मी ११-७ असा जिंकला. फळ्यावर ४४-४६ झाले. आम्ही हरलो.

मागच्या बाकावरून 'पंचावन्न वर्षांचा होता ना' असे विचारणारा तो मुलगाच आमची मुलांची एकेरी खेळला होता. तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "माझ्या पाचाचे आठ झाले असते तर आपण जिंकलो असतो गं." त्याने पुढच्या शनिवारसाठी टेबल मागितले आहे. विटेऐवजी पायाखाली घालायला तो घरून लाकडी ठोकळा आणणार आहे.